सगळे पाठ हिरवे

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आज परत त्या ॲपने डोकं खाल्लं. चौथीचा वर्ग, सत्तावीस मुलं. प्रत्येक पाठाच्या टाचणाचा फोटो काढायचा, त्या पाठाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, मग एकेका मुलाच्या नावापुढे 'पूर्ण'ची खूण करायची. एक मूल राहिलं तरी पाठ लाल! खाली एक 'सर्व पूर्ण'चं बटण आहे, पण न शिकवता ते कोण दाबणार? नेट फक्त शाळेच्या गच्चीवर मिळतं. म्हणजे मी उन्हात मोबाईल धरून उभी आणि खाली वर्गात कुस्त्या. शिकवायचं कधी?

८ ऑक्टोबर

मुख्याध्यापक बजरंग सर परिपाठानंतर सगळ्यांसमोर बोलले. केंद्रातल्या सगळ्या शाळांत एकटा माझाच वर्ग ॲपवर लाल दिसतो म्हणे. मी म्हटलं, वर्गात येऊन बघा, मुलं खडाखडा वाचतात. तर म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं. ह्यांनी स्वतः खडू हातात धरून किती वर्षं झाली, ते विचारायला हवं होतं.

१० ऑक्टोबर

आज राजनंदिनीच्या घरी गेले. आईबाप ऊसतोडीला जातात, दोन वर्षं झाली तिलाही नेतात — धाकट्याला सांभाळायला. पोरगी इतकी हुशार, भागाकार एकदा सांगितला की पुरे. तिची आई चांगुणा पहिल्यांदा ऐकेचना. शेवटी तयार झाली. चौथीचं पुरं होईस्तोवर पोरीला इथेच आत्याकडे, मालनबाईकडे ठेवणार. दोनदा वदवून घेतलं. येताना रस्त्यात रडू आलं मला. वेडी कुठली!

१३ ऑक्टोबर

नवा फतवा — पालकांचे मोबाईल नंबरही ॲपमध्ये भरा. भरले. भीक नको पण कुत्रं आवर!

१५ ऑक्टोबर

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. अजून अकरा पाठ लाल, आणि बजरंग सरांचे सकाळपासून चार फोन. पाचवा आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. गच्चीवर गेले आणि 'सर्व पूर्ण' दाबलं. नुसते राहिलेले नाहीत — वर्षभराचे सगळे पाठ, सगळ्या मुलांचे. जे अजून शिकवलेलेच नाहीत तेसुद्धा! घे मेल्या, गीळ.

मिनिटात हिरवंगार. कुणी काही तपासलं नाही. उलट केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर अभिनंदन केलं. ह्यांची लायकी एवढीच. लई दिवसांनी जिवाला गार वाटलं.

२८ ऑक्टोबर

शाळा उघडली. राजनंदिनी नाही. मधल्या सुट्टीत मालनबाईकडे गेले, तर ऊसतोडीची टोळी रविवारीच गेली आणि पोरगीही गेली. तिथूनच चांगुणाला फोन लावला. शब्द दिला होतास ना, म्हणून ओरडले तिच्यावर.

ती शांतपणे म्हणाली, "चौथीचं समदं पुरं झाल्याचा मेसेज आल्ता की, बाई. मग मागं ठिवून काय करू? राजनंदिनीनंच वाचून दाखवला. खाली तुमचंच नाव हुतं."