कपाटावरच्या खोक्याचं वजन

बुधवार, सत्तावीस तारीख

ती. मामांना नमस्कार. (गुडघ्याची चौकशी खाली केली आहे. मामीलाही नमस्कार, पण पत्र तिला वाचून दाखवण्याआधी एकदा एकट्याने वाचा. तिचा उल्लेख आहे.) आधी घडलेलं क्रमाने लिहिते, म्हणजे मी काही लपवलं असं नंतर व्हायला नको.

१. दोन तारखेला मी ऑनलाइन एक जुनं किट मागवलं. एकास चोवीस प्रमाणातली मोटार, चारही दारं उघडणारी. तुमच्या कपाटावर एकोणीस वर्षं न उघडता ठेवलेलं आहे, त्याच मॉडेलचं.
२. नऊ तारखेला खोका आला. सील शाबूत.
३. दहा तारखेला मी तो उघडला.
४. आत उजव्या दारांची फ्रेम दोनदा निघाली. डाव्या दारांची एकदाही नाही.
५. विकणाऱ्याने कळवलं की त्याने बंद खोका विकला, आतल्याशी त्याचा संबंध नाही.
६. किट बनवणारा कारखाना बारा वर्षांपूर्वी बंद पडला आहे.
७. सतरा तारखेला, रविवारी, मी तुमच्याकडे आले. तुम्ही केस कापायला गेला होतात.
८. तुम्ही नसताना मी तुमचा खोका कपाटावरून काढला आणि मामीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन केलं.
९. खोका होता तसा परत ठेवला.
१०. वीस तारखेला तुम्ही तो विक्रीला काढलात.

आठव्या कलमापाशी पत्र खाली ठेवाल म्हणून लगेच सांगते: सीलला मी नखसुद्धा लावलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की येत्या रविवारी, एकतीस तारखेला, बोली संपून तो खोका कुणा परक्या माणसाकडे जाण्याआधी तुम्ही तो उघडावा. का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला ‘बरं बरं, आईला दे’ म्हणता. म्हणून आईच्याच हाती पत्र देते आहे. तिला बजावलं आहे की पाकीट तिच्या डोळ्यांदेखत फोडून घ्यायचं. तुमच्या हातात चिकटवलेली कुठलीही वस्तू आली की ती कपाटावर जाते, हा अनुभव आहे.

गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, नवीन घर तळमजल्यावर घेतलंत ते त्याच्यासाठीच. पस्तीस वर्षं लिफ्ट तपासलेल्या माणसाने शेवटी लिफ्टच नसलेलं घर शोधावं, यावर आई हसली. मला मात्र ते पटलं. तुम्ही त्या आतून बघितल्या आहेत. घर लहान आहे, किटचे चोपन्न खोके त्यात मावणार नाहीत, हेही समजलं. बाकीच्या त्रेपन्नांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आता किट उघडल्यावर काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण हा अनुभव तुम्ही कधी घेतलेला नाही. झाकण काढल्यावर आधी एक वास येतो, बंद पडलेल्या स्टेशनरीच्या दुकानासारखा. मग प्लॅस्टिकच्या फ्रेम निघतात. गाडीचे सगळे भाग या चौकटींना देठांनी चिकटलेले असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. आपल्या किटमध्ये अशा पाच फ्रेम आहेत. त्यातल्या एकीवर उजवी दोन दारं, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग. दुसरीवर डावी दोन दारं. मला पहिलीच दोनदा मिळाल्यामुळे माझ्या गाडीला दोन स्टिअरिंग आहेत आणि डावीकडून ती साफ उघडी आहे. (आईचं मत: “म्हणजे नवरा-बायको दोघांनी चालवायची, आणि ज्याला पटत नाही त्याने डावीकडून उतरायचं.” त्यानंतर ती म्हणाली की मी थेट आमच्या दादाच्या वळणावर गेले आहे. दादा म्हणजे तुम्ही.)

मला राग आला नाही, हे मुद्दाम नोंदवते. मला कुतूहल वाटलं. पॅकिंगच्या टेबलाशी एक माणूस बसला असणार. त्याच्या एका हाताला उजव्या फ्रेमचा ढीग, दुसऱ्या हाताला डाव्यांचा. दोन्ही ढीग मोजून ठेवलेले. एका खोक्यात त्याने उजवीच दोनदा टाकली, तर संध्याकाळी एक डावी जास्त उरली असती आणि चूक पकडली गेली असती. पकडली गेली नाही, याचा अर्थ ती उरली नाही. म्हणजे त्याच दिवशी, बहुधा लगेच पुढच्या खोक्यात, डावी दोनदा गेली. म्हणजे माझ्या खोक्याला एक जोडीदार आहे. त्या खोक्याच्या मालकाच्या गाडीला डावीकडे दारावर दार आहे आणि स्टिअरिंग नाही. आमच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडमना हे मी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला मंगळवारी सुट्टी हवी आहे का?”

अडचण अशी की हा जोडीदार शोधायचा कसा. तुम्ही आणि मी किटवाल्यांच्या ज्या ग्रुपवर आहोत, तिथे मी विचारलं. तिथे हे किट असलेले तेरा जण निघाले आणि तेराही जणांचे खोके बंद. ही आपल्या लोकांची रीत मला अजून नीट समजलेली नाही. गाडी बनवण्यासाठी किट घ्यायचं, आणि बनवलं तर त्याचं मोल जाईल म्हणून ते न बनवता ठेवायचं. मी सील कापल्याचा फोटो टाकला तेव्हा एक गृहस्थ ग्रुप सोडून गेले. तुम्ही खाली एकच शब्द लिहिलात: ‘अरेरे.’ (तुम्हाला ग्रुपवर ‘सीलबंद’ म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर क्षमस्व.)

उघडता येत नाही तर वजन करा, असं मी सुचवलं. दोन फ्रेमच्या वजनात सहा ग्रॅमचा फरक आहे. उजवीवर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग जास्तीचं आहे, तेवढं सुटं करून मी कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत तोललं. माझा खोका भरायचा त्यापेक्षा सहा ग्रॅम जड, तर जोडीदार सहा ग्रॅम हलका. गणित सोपं होतं, माणसं नव्हती. एकाने खोका हातात धरून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभं राहून कळवलं: “मी त्र्याऐंशी किलो. खोक्यासकट त्र्याऐंशी किलो. खोका रिकामा आहे का हो ताई?” दुसऱ्याने प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाला खोका टांगला आणि सुतळीचा वळ पुठ्ठ्यावर उठला म्हणून मला जबाबदार धरलं. ग्रुपवरच्या दंतवैद्यांनी (ते दात कोरायच्या मशिनने बंपर घासतात, काम मात्र सुंदर) खोक्याचा दवाखान्यातच एक्स-रे काढला. त्यात चाकांचे लोखंडी दांडे दिसले, प्लॅस्टिक अजिबात दिसलं नाही. ते म्हणाले, “हिरड्या निरोगी आहेत, एवढंच सांगू शकतो.” शेवटी धडपणे बारा जणांनी वजनं कळवली. सगळी सहाशे पंधरा ते सहाशे एकवीस ग्रॅमच्या आत. (पुठ्ठा ओल धरतो, तेवढा फरक चालतो.) तेरावे तुम्ही. तुम्ही लिहिलंत: ‘कपाटावरची वस्तू खाली काढत नसतो.’

म्हणून सतरा तारीख. मी पर्समध्ये अर्ध्या किलोचं प्रमाणित वजन, मखमलीच्या डबीतलं, घेऊन आले होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा आंधळा विश्वास नाही. मामी भाजी चिरत होती. मी काय करणार आहे ते तिला सरळ सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, “कर बाई काय करायचं ते. एकोणीस वर्षं धूळ पुसतेय मी त्याची. पोरं मोठी होऊन गेली, हा मेला तसाच.” मग माझी डबी बघून विचारलं, “दागिना आहे का गं?” काटा दोन ग्रॅम कमी दाखवतो. ती दुरुस्ती धरून तुमचा खोका सहाशे बारा ग्रॅम भरला. बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा बरोबर सहा ग्रॅम हलका. मामीने दोनदा तोलायला लावलं. दुसऱ्यांदाही तेवढाच. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं हे अर्धवट गाडीला जपत बसले?” मी म्हटलं, अजून सिद्ध झालेलं नाही. ती म्हणाली, “मला तरी झालं.”

हे तुम्हाला त्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही केस कापून आलात, आरशात मागची बाजू बघत राहिलात आणि म्हणालात, “काय भाचेबाई, बिनदाराची गाडी कुठवर आली?” आणि मी, का कोण जाणे, चहा घेऊन निघाले. तीन दिवसांनी तुमची जाहिरात दिसली: ‘कारखान्याचं सील, सर्व भाग पूर्ण.’ मामा, सील आहे हे खरं. सर्व भाग पूर्ण, हे तुम्हाला कसं कळलं? तुमच्या नावापुढे ग्रुपवर एकही तक्रार नाही. ज्या लिफ्टच्या आत डोकावला नाहीत, तिच्या कागदावर सही केल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. घेणारा माझ्यासारखा निघाला आणि त्याने सील कापलं तर तो तुम्हाला काय लिहील, याचा नमुना हवा असल्यास मी विकणाऱ्याला लिहिलेलं पत्र दाखवू शकते. त्यात ‘अरेरे’पेक्षा जास्त शब्द आहेत.

उघडलात तर हिशेब सरळ आहे. तुमची एक डावी मला, माझी एक उजवी तुम्हाला. दोन्ही गाड्या पूर्ण. दोन्ही स्टिअरिंग आपापल्या जागी. चाकू, पक्कड आणि चिमटे मी घेऊन येईन. तुम्ही नुसतं बसायचं आहे, गुडघा न वाकवता.

मामीला रागावू नका. तिने फक्त दार लावलं.

तुमची भाची

ता. क. १ : पत्र संपवल्यावर दंतवैद्यांचा निरोप आला, तो दाबून ठेवणं बरोबर नाही. या किटच्या अगदी पहिल्या खेपेत सूचनांची पुस्तिका पातळ होती आणि स्टिकरचा कागद नव्हता. त्यांच्या अंदाजाने मिळून सहा ग्रॅम. तुमचा खोका पहिल्या खेपेचा आहे. बाजूचा क्रमांक मी त्या दिवशी टिपून घेतला होता. म्हणजे आत दोन डाव्या फ्रेम असतील, किंवा सगळं जिथल्या तिथे असेल आणि फक्त स्टिकर नसतील. दोन्ही शक्यता सारख्याच वजनाच्या आहेत. मामीला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.

ता. क. २ : डावी दारं मला काल मिळाली. समुद्रापलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या किटवर कपाट पडलं होतं, त्यातून एवढी एक फ्रेम वाचली. तिने पत्ता विचारून तशीच पाठवून दिली. तेव्हा तुमच्या खोक्याची मला आता तांत्रिक गरज राहिलेली नाही. वरचे सगळे मुद्दे मी तरीही तसेच ठेवले आहेत, कारण ते चुकीचे नाहीत.

ता. क. ३ : तुम्ही तो खोका आणलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, निवृत्त झालो की आपण दोघं मिळून बनवू. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही ते एकदाच म्हणालात. तुम्हाला निवृत्त होऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. मी सगळं स्वतःच शिकले, त्याला फार वेळ लागला नाही. आत काय आहे ते बघायचं आहे, आणि ते एकटीने बघायचं नाही. शनिवारी मला सुट्टी आहे. तुमचा होकार असो वा नकार, शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत कळवा.