शेवगा गोठ्याच्या पुढे की मागे

पिंपरी,
ता. ८ जानेवारी १९५६

ती. कुसुमताईस ज्योतीरामचा नमस्कार.

तू मागितलंस म्हणून आपलं घर काढून पाठवतो आहे. घराच्या जागी आता कारखान्याची भिंत आहे. ओटा, गोठा, शेवगा, सगळं आठवणीनंच काढलं. रविवारी पाट्या रंगवायचं काम नसतं, तेव्हा नवी पिंपरीही काढतो. दर खेपेला भिंत लांबलेली असते. भाऊजींच्या मागे एकटी आहेस, तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा ज्योतीराम

निघोजे,
ता. १९ जानेवारी

चि. ज्योतीरामास पोटभर आशीर्वाद.

लई दिसांनी घर बघितलं. पण शेवगा चुकला बग. तो गोठ्याच्या मागं न्हाई, पुढं होता. शेंगा मीच तोडायची. तू रंगात हात बरबटून बसायचास, तुला काय ठावं? खोटं वाटलं तर तात्याबांना इचार. जेवणाची हेळसांड करू नको.

तुझी ताई

पिंपरी,
ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

आपले शेजारी तात्याबा आता देहूला लेकीकडे असतात. काल जाऊन आलो. चित्र उन्हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, शेवगा तुमचा नव्हताच, माझ्या बांधावरचा होता! हसता हसता रडायलाच लागले.

आता विचारायला दुसरं कुणी उरलं नाही गं. इथले शेजारी बीडचे, रत्नागिरीचे. शिफ्ट संपली की झोपतात. त्यांच्या लेखी इथं आधी काही नव्हतंच. शेवगा कुठं काढू, तूच सांग.

तुझा ज्योतीराम

निघोजे,
ता. १७ फेब्रुवारी

चि. ज्योतीरामास आशीर्वाद.

शेवगा कुठंबी काढ. डोळे मिटले की तू मला अजून त्याच घरात दिसतोस, आन तितं तर तू न्हाईस. आता ऱ्हातोस ती खोली काढून धाड. हाय तशी.

तुझी ताई

पिंपरी,
ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

खोली काढली. काढण्यासारखं फारसं नव्हतं, दुपारी बसलो आणि दुपारीच उरकली. राग मानू नकोस.

तुझा ज्योतीराम

निघोजे,
ता. ८ मार्च

चि. ज्योतीरामास आशीर्वाद.

खोली बघितली. खाट, माठ, रंगाचे डबे, समदं जागच्या जागी. पण खिडकीतनं एवढं ऊन आलंय आन दाराला आतनं कडी! भरदिसा दार लावून बसतोस व्हय रं?

दोन दीस तेच बघत बसले. शेळी शेजारच्या भागूबाईच्या दावणीला बांधली हाय. सोमवारी चाकणहून एस्टीनं येते. ऱ्हायलाच येते म्हण. कडी काढून ठेव.

तुझी ताई