भिंतीकडची माती

४ नोव्हेंबर
भिंतीपलीकडच्या बंद कारखान्यात आज माणसं आली. पांढरे कपडे, मास्क, हातमोजे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे तिथं. आता माती खरवडून नेणार म्हणे. फाटकावर कन्नडमध्ये नोटीस. मी निपाणीकडची, वाचता येतं, तरी अर्धंच कळलं. खिडक्या बंद ठेवा. कपडे बाहेर वाळत घालू नका. घाबरू नका.
त्यांच्यातल्या इंजिनिअरला विचारलं, आम्हालाबी मास्क लागंल का? "तुम्हाला गरज नाही." मग त्याला का?

७ नोव्हेंबर
दिवसभर मशीनची घरघर. धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात, ट्रकवर ताडपत्री बांधतात. नीट करतायत खरं. पण इतकी वर्षं तीच माती उघडी पडलेली, पावसात वाहून आमच्या परसात यायची. तेव्हा कुणी…
झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा, असं सांगून गेलेत. पुसलं. फडकं काळं. आधीपण काळंच व्हायचं का? कधी बघितलंच नाही.

१० नोव्हेंबर
आमच्या ओवीचं रक्त तपासलेलं, आज कळलं. डॉक्टर म्हणाले, शिसं थोडं जास्त आहे. औषध नको, मातीपासून लांब ठेवा. दोन वर्षांच्या पोरीला मातीपासून लांब!
म्हणजे बरं की वाईट? ह्यांना म्हटलं, "घाबरायचं का न्हाय, तेवढं सांगा." तर म्हणे, "डॉक्टर हसून बोलले की." हसून बोलले, हे खरं.

११ नोव्हेंबर
परसातली मेथी उपटायला सांगितली म्हणून सासूबाईंशी वाजलं. "जलमभर हितलंच खाल्लं. मेलो का आम्ही?" संध्याकाळी बघते तर स्वतःच उपटत बसलेल्या. मामंजी ह्याच कारखान्यात भट्टीवर होते. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले.
सासूबाई खाली बघूनच म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांच्या हातातनं बशी सुटायची. मी वरडायची, नीट धरा म्हणून. त्ये ह्यानंच आसंल का गं?"
"मला ठावं न्हाय, आत्या."
खरंच ठाऊक नाही. शेजारी बसून मीपण उपटू लागले.

१४ नोव्हेंबर
ओवीला आईकडं सोडून आले. काम संपेपर्यंत तिकडंच. आईनं विचारलं, "कधी संपणार?" काय सांगू. येताना आमच्या पिरनवाडीच्या स्टॉपवर उतरले आणि घराकडं पाय वळेना.

२० नोव्हेंबर
आमच्या परसात पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. भिंतीकडची माती काढणार, घराकडची ठेवणार.
"अलीकडची साफ आहे?"
"लिमिटमध्ये आहे, अक्का."
साफ आहे का विचारलं, तर लिमिटमध्ये. ओवी तर दोन्हीकडं खेळायची. पेरूचं झाड रेघेपलीकडं. मुळासकट गेलं. सासूबाई बघायला बाहेर आल्या नाहीत.

२ डिसेंबर
खड्डा भरला. नवी लाल माती, कुठनं आणली कुणास ठाऊक. इंजिनिअर मास्क काढून आमच्या पायरीवर बसला, चहा घेतला. भला माणूस वाटला. सासूबाईंनी विचारलं, "आता भाजी लावू?"
"लावा की. पण थांबलात तर बरं."
"आरं, लावू का थांबू?"
तो नुसता हसला. डॉक्टरांसारखाच.

६ डिसेंबर
ओवीला आणलं. रक्त परत तपासायचंय, उन्हाळ्यात. तोवर कसं कळणार?
आल्या आल्या परसात पळायला बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "सोड तिला, नवी माती हाय." हे म्हणाले, "थांब जरा." मी दंड धरून उभी. मग तिनं रडून इतका गोंधळ घातला की सुटलाच हात.
धावत जाऊन बसली. मूठभर माती उचलून मला द्यायला आली. घेतली. गार होती. नाकाशी धरून वास घेतला. कसलाच वास आला नाही.