वैशूने घासलेली फळी

९ नोव्हेंबर, रवि.
अमरावतीच्या हॉटेलवाल्याचं काम सुरू. भिंतीवर लावायच्या पाइनच्या बारा फळ्या जाळून झाल्या. मी बर्नर धरतो, वरचा थर काळा पडून तडकला की थांबतो. मग फळी लेकीकडे, वैशूकडे. तारेच्या ब्रशने पोरगी असा कोळसा काढते की मऊ लाकूड निघून जातं, कडक रेषा तेवढ्या उभ्या राहतात. वरून जवसाचं तेल. माझ्या हातून फळी नुसती खरवडली जाते. तीस वर्षं रंधा मारतोय मी, ती तीन वर्षांत शिकली. बरं वाटतं. थोडं झोंबतंही.

१२, बुध.
सौ.ने वैशूसाठी स्थळ आणलं. अंजनगाव सुर्जी. वडिलांचं बियाण्यांचं दुकान, मुलगा अमरावतीला बँकेत. रविवारी पाहायला येतात.
सौ. म्हणाली, "ते ब्रशाचं काम सांगू नका त्यायले. पोरगी कोयसा घासते म्हणून समजलं तर कोन करीन तिले?"
बरं म्हणालो. वैशूला विचारायचं सुचलंच नाही.

१५, शनि.
वैशू लिंबाची फोड घेऊन नखं घासत बसली होती. काळं निघेना. शेवटी सौ.ने मेंदी लावून दिली.

१६, रवि.
आले. पाच माणसं. पोहे झाले. मुलाच्या वडिलांचं लक्ष बैठकीत लावलेल्या वैशूच्या फळीवर गेलं. उठून हात फिरवला.
"हे कोनं केलं हो?"
वैशू चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी. तोंडून निघून गेलं, "मीच."
"हातात कला हाय राजेहो तुमच्या!"
वैशूने कप ठेवले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर मुलगा आणि ती गच्चीवर बराच वेळ बोलले.
लाज वाटली. हे लिहितानाही वाटतेय. पण त्यांच्यासमोर शब्द मागे कसा घ्यायचा?

२०, गुरु.
होकार आला! साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मार्गशीर्षात. सौ. सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटली आहे.
वैशू मात्र रविवारपासून शेडमध्ये नाही. हॉटेलच्या फळ्या पडून. विचारलं तर म्हणते, "तुमीच करता ना बाबा."

२३, रवि.
लग्नाला वेळ आहे, तरी सौ. बाजारात जाऊन तयार रुखवत घेऊन आली. मोत्यांचा गणपती, लोकरीचं तोरण, काय काय. त्यावर चिठ्ठी लागणार: 'वैशालीच्या हातचे'. जे तिने केलं ते माझं, जे केलं नाही ते तिचं. छान चाललंय आमचं.
वैशू म्हणाली, "चिठ्ठी तरी मलेच लिहू दे आई."
सौ.ला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

२६, बुध.
व्याह्यांचा फोन. त्यांच्या बैठकीसाठी तशीच फळी हवी. "तुमच्याच हातची पायजे बरं."
दिवसभर तेच. पहिलीत गाठीपाशी जोर पडला, खड्डा झाला. दुसरी जास्त जळाली. तिसरी धड काळी नाही, धड लाकडी नाही. वैशू दारात आली, तिन्ही पाहिल्या, परत गेली. मला म्हणायचं होतं की...

२८, शुक्र.
राहवलं नाही. सकाळी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, मी खोटं बोललो, ती फळी वैशूची, ती माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहे. पलीकडून, "असं हाय काय. घरी बोलतो." ठेवला.
छाती हलकी झाली. लगेच वैशूला हाक मारून सांगितलं. वाटलं, हसेल.
"कोनाले इचारून केला फोन?"
"अवं, खरं तेच सांगतलं ना."
"मी गच्चीवर समदं सांगतलं होतं त्यायले. पहिल्याच दिवशी. ते म्हणे थोडं थांबा, आमच्या बाबाले मीच समजावतो." मग म्हणाली, "खोटं बोलले तवा मले इचारलं नाई. आता खरं सांगतलं तवाबी नाई."
रडली नाही. नुसतं एवढंच, "मले तो आवडला, बाबा."
आत जाऊन दार लावून घेतलं.

३०, रवि.
व्याह्यांचा फोन नाही. मुलाचाही नाही. सौ. माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढते.
दुपारी वैशू आपणहून शेडमध्ये आली. हॉटेलच्या राहिलेल्या फळ्या काढल्या आणि घासायला बसली. पुढची जाळू का, असं मी विचारलं. ती घासतच राहिली. मी बर्नर तसाच खाली ठेवला. तिचा मोबाइल बाजूला फळीवर होता. मधे मधे ब्रश थांबवून तिकडे बघत होती. मी उठून बाहेर आलो.