चांदणी त्याच दारात अडते

कोंढा, रविवार

ताई,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे, हे आधी आईला सांग. तेजरामकाकांकडे दोन्ही वेळ पोटभर मिळतं. मेंढ्या, कुत्रे आणि वरातीच्या दोन घोड्यांपैकी एक, सगळे आता माझं ऐकतात. कॉलेज काहून सोडलं असं बाबांनी पुन्हा विचारलं, तर विषय बदल.

ऐकत नाही ती एकटी दुसरी घोडी, चांदणी. घोड्या-मेंढ्या तळ्यावर नेताना मी रोज वाटेवरच्या डिंपलच्या दारात थांबून पाणी मागायचो. डिंपल चांदणीला गूळ द्यायची आणि माझ्याकडे बघून हसायची. आता तिचं लग्न ठरलं, म्हणून मी मान खाली घालून पुढे निघतो, तर ही बया त्याच दारात खांबासारखी उभी! ओढा, ओरडा, हलत नाही. मागे मेंढ्या तुंबतात, कुत्रे पाय पसरून बसतात.

काल डिंपलची आई म्हणाली, "काहून गा मनिष, तुही घोडी रोज आमच्याच दारी अडते?"

"तिलेच विचारा!" म्हणालो आणि लगाम फेकून घरी आलो.

काका चिडलेसुद्धा नाहीत. हसून म्हणाले, "बरंच झालं. डिंपलच्या नवरदेवानं वरातीले हेच घोडी सांगतली हाय. तिले दार दाखवाची कटकट नाही. लगाम तू धरजो."

ताई, मी नाही धरणार. आईला बरं नाही, मनिषला पाठवा, असं काकांना लगेच लिही.

आई खरंच बरी आहे ना?

तुझा,
मनिष