बावीस तुकड्यांचा साचा

फणसवाडी, गिरगाव
२ एप्रिल १९५९

प्रिय रामदास,

अक्षर ओळखलंस ना? मी कमळ्याच. अकरा वर्षांपूर्वी निपाणीहून तुझं एक कार्ड आलं होतं. शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो, पोरं गुणी आहेत, एकदा येऊन जा, असं लिहिलं होतंस. मी उत्तर टाकलं नाही. कामात होतो म्हणून थाप मारता आली असती, पण तुझं नाव वाचलं की मी ते कार्ड पालथं घालून ठेवायचो हे खरं. का ठेवायचो, तेच सांगायला आज बसलोय. याआधी तीनदा पत्र सुरू केलं आणि तीनदा फाडलं. हे फाडणार नाही, कारण आता हातात दिवसच उरले नाहीत.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तुझ्यासाठी शेडच्या फळीवर वेगळा कप ठेवायची ती, आठवतं? तू चहा पिऊन स्वतःच तो विसळायचास आणि वर मलाच चिडवायचास, की कमळ्या, माझा कप तुमच्या घरातल्या कपांपेक्षा स्वच्छ असतो. मी हसायचो. एका शब्दाने आईला कधी बोललो नाही. शेड अजून आहे. गणपतीच्या दिवसांत मूर्ती करतो, एरवी कुणाचे अर्धपुतळे, कुणाच्या दारावरच्या कमानी. मुंबईसाठी इथे काय काय झालं ते तू पेपरात वाचलंच असशील. तुमची निपाणी तर अजून तिकडे म्हैसुरातच अडकलीय, तेव्हा तुला मी काय सांगायचं. पण गोळीबारात लालबागच्या एका वस्तीतली तीन माणसं गेली. तिघंही गिरणीतले. त्यांच्यासाठी वस्तीने स्मारक समिती काढली, आणि युनियनचे शामराव म्हणून आहेत, ते अध्यक्ष. पुतळ्याचं काम घेऊन ते माझ्याकडे आले.

आता चव्वेचाळीस सालाकडे येतो. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुला अर्धंच माहीत आहे. तुझी ती डबेवाली. गिरणीच्या दारात नवऱ्याचा डबा घेऊन उभी असलेली जाईबाई. तीन महिने तू लालबागला जाऊन तिची चित्रं काढलीस, मग मातीत उभी केलीस, आणि मातीवरून आपण दोघांनी प्लास्टरचा साचा काढला. बावीस तुकडे. प्रत्येकावर तू निळ्या पेन्सिलीने आकडा घातलास. त्यातून एक पुतळा भरला आणि ब्राँझमध्ये ओतायला पाठवला. पण लढाईमुळे धातू मिळेना, म्हणून ओतारी म्हणाला, ठेवा आमच्या गोदामात, लढाई संपली की बघू. ते गोदाम बंदराला लागून. शेजारी माझाही एक पुतळा होता, कुठल्याशा बॅरिस्टरचा. तुझ्या बाईशेजारी माझा बॅरिस्टर कपड्यांच्या दुकानातल्या बाहुल्यासारखा दिसायचा. ओतारी तिच्यासमोर चप्पल काढून उभा राहिला होता. माझ्या बॅरिस्टरवर त्याने आपली छत्री टांगली होती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

चौदा एप्रिलला गोदीत जहाज फुटलं. तुमच्या भायखळ्याच्या चाळीत बाबासाहेबांची जयंती होती, तू सकाळपासून पताका लावत होतास. रात्रभर आभाळ लाल होतं. दोन दिवसांनी आपण गेलो तेव्हा गोदामाच्या जागी नुसता ढीग होता, त्यातून वाफ येत होती आणि पोलीस जवळ जाऊ देत नव्हते. तू रस्त्यावर खाली बसलास. मग उठलास आणि म्हणालास, साचा आहे ना पण? साचा तर शेडमध्ये आहे. आणि मी म्हणालो, नाही रे, ओताऱ्याने मागितला म्हणून गुरुवारी तोही हातगाडीवरून पाठवला.

रामदास, साचा पाठवला नव्हता. माझ्या शेडमध्ये मागच्या भिंतीशी, गोणपाटाखाली होता. बावीसच्या बावीस तुकडे.

का बोललो? तेव्हाचं खरं सांगतो. तुझं गेलं आणि माझंही गेलं. त्या रस्त्यावर आपण दोघं सारखे झालो होतो, आणि मला ते बरं वाटत होतं. बस, एवढंच. चार दिवसांनी सांगू, म्हणू साचा परत आला होता, माझ्या लक्षात नव्हतं, असं मनाशी ठरवलंही होतं. पण चार दिवसांत तू हत्यारं विकलीस. तुझी आई आदल्याच वर्षी गेलेली, तुला मुंबईत धरून ठेवणारं कुणी नव्हतं. आठवड्यात तू गाडीत बसलास. बोरीबंदरला तुला पोचवायला मीच आलो होतो. तुझी ट्रंक मीच उचलली होती.

मग चौदा वर्षं तो साचा मी पाहिला नाही. फेकलाही नाही. शामराव आले तेव्हा मी मातीचे नमुने करून दाखवले. वळलेली मूठ केली, मशाल केली. समितीत रोज भांडणं. कुणाला हातात तलवार पाहिजे, कुणाला कोयता, कुणाला पायाखाली साखळ्या. एक जण म्हणाला, हा साहेबाच्या राज्यात बॅरिस्टरांचे पुतळे करणारा माणूस, याला हुतात्म्यांचं काम दिलंच कुणी? पेपरात दोन पत्रंसुद्धा छापून आली. काम हातचं जाणार हे दिसायला लागलं. त्या दिवशी मी गोणपाट काढलं.

आता जे लिहितो ते वाचून तू हे पत्र फेकून दिलंस तरी चालेल. बावीसपैकी एकवीस तुकडे ठीक होते. सातवा, चेहऱ्याचा, खाली होता. चौदा पावसाळ्यांची ओल त्याने एकट्याने प्यायली होती. हात लावला तर बोटं आत गेली. पुरण असतं तसा झाला होता. ती नजर, जी तू चार वेळा मोडून पाचव्यांदा केली होतीस, ती माझ्या बोटांना चिकटून आली. गोदीतल्या आगीने ती नेली नव्हती रे. लढाईने नेली म्हणून तू आजवर मनाची समजूत घातली असशील, तीही मी तुझ्याकडून काढून घेतोय.

चेहरा मी केला. दोन महिने खपलो. नाक, डोळे सगळं जिथल्या तिथे आहे आणि चेहरा मेलेला आहे. बाकी अंग तुझ्या साच्यातून सिमेंटमध्ये भरलं. काढताना साचाही फुटला, सगळा. म्हणजे आता पुन्हा कधी नाही.

पुतळा पाहून समितीत जो गोंधळ झाला तो काय सांगू. ही कसली हुतात्मा, ही तर डबा घेऊन उभी, म्हणून लोक शामरावांच्या अंगावर धावले. तेव्हा मागून एक बाई पुढे आली, साठीला टेकलेली, आणि म्हणाली, ज्याला गोळी लागली त्याचा डबा घेऊन कोण तरी उभा होताच ना? अंगावर धावलेले मागे सरकले. मग ती पुतळ्याभोवती फिरली. टाचा बघितल्या, डाव्या खांद्यावरचा पदर बघितला. म्हणाली, तोंड काय माझा नाय, पण उभी ती मीच. ह्यो रामदासाचो हात. रामदास खंय असता?

जाईबाईच होती. सगळी समिती माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी खरं बोललो असतो तर फार तर जोडे खाल्ले असते. मी म्हणालो, हो, मूळ काम रामदासचंच. तो गेला. त्याची आठवण राहावी म्हणून मी हे केलं.

जाईबाई तिथेच रडायला लागली. शामरावांनी मला मिठी मारली. मित्र असावा तर असा, म्हणाले. ज्याने पेपरात पत्र लिहिलं होतं तो माझ्या पाया पडला. पुतळा एकमताने मंजूर. कोनशिलेवर तुझं नाव घालायचं ठरलं, आणि त्यावरून अर्धा तास वाद, कै. लिहायचं की दिवंगत? तुमची माणसं आता बौद्ध, त्यांना कै. कसं चालेल? मला विचारलं, वारला कधी? दीक्षेच्या आधी की नंतर? मी म्हणालो, एकावन्न साली. म्हणजे आधी. म्हणून कै. ठरलं. मी तुला एकावन्न साली मारलं, रामदास, एका शब्दावरचा वाद मिटावा म्हणून. आणि सर्वपित्रीला जाईबाईने आपल्या माणसांबरोबर तुझ्या नावाचंही पान ठेवलं. मला जेवायला बोलावलं होतं. मी गेलो आणि जेवलो.

दोनदा शामरावांना खरं सांगायला निघालो. एकदा दारापर्यंत पोचलो, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, चारचौघांत माझं कौतुक केलं, आणि मी दगडाचा भाव सांगायला आलो होतो असं म्हणून परत आलो. माझ्याने होत नाही. तू मला चांगला ओळखतोस, तुला नवल वाटणार नाही.

मेच्या एक तारखेला, कामगार दिनी, पुतळा उघडायचाय. पाथरवट पुढच्या आठवड्यात अक्षरं कोरणार. पण मी घाबरून लिहितोय ते त्या दगडाला नाही. गेल्या महिन्यात तुझ्या शाळेच्या पत्त्यावर मी एक पाकीट टाकलं होतं, आत कोरा कागद, नुसतं तू तिथे आहेस का बघायला. ते परत आलं. वर कुणीतरी शाईने लिहिलं होतं, ‘पत्ता लागत नाही’. दुसरं काही नाही. तेव्हापासून मला झोप नाही. शाळा बदलली असेल, घर बदललं असेल, असं रोज स्वतःला सांगतो. हे पत्र मी निपाणीच्या पोस्टमास्तरांच्या नावे घालतोय, शोधून द्या म्हणून विनवणी करून. मी समितीत जे बोललो ते खोटंच असू दे रे. जन्मात पहिल्यांदा मी खोटारडा ठरावा म्हणून हात जोडतोय. मला माफ करू नकोस. दोन ओळींत शिव्या लिहून पाठव, तुझ्या अक्षरात. आणि पाकिटात घालू नकोस, उघड्या कार्डावर पाठव, म्हणजे पोस्टमनपासून अख्ख्या वाडीपर्यंत सगळे वाचतील, आणि मला लपवायला जागा राहणार नाही. ते कार्ड घेऊन मी लालबागला जाईन आणि आधी जाईबाईच्या हातात देईन.

तुझाच म्हणायची लाज वाटते, तरी तुझाच,
कमळ्या