दाळ शिजेपर्यंत घालून पाहिलेलं हेल्मेट

माय, आज मंगरूळपीरच्या दुकानात मी तीन हेल्मेटं आळीपाळीने डोक्यात घालून चांगली तासभर बसले. दुकानदार आधी हसला, मग कंटाळला, शेवटी त्याने चहा मागवला. तिन्ही पूर्ण तोंड झाकणारी, हनुवटीसकट. अर्धवट टोपीसारखं हेल्मेट मी घेतच नाही, ती खोड तुझ्याकडूनच आली. प्रत्येक हेल्मेट आधी उलटं करून अस्तर पाहिलं, बोटाने शिवण चाचपली, मग घालून मान गदागदा हलवली. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुमी हेल्मेट घेऊन राह्यल्या का म्हैस? पण घरी आल्यावर जीव थाऱ्यावर नव्हता. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि माझ्या पहिल्या हेल्मेटाबद्दल मी तुझ्याशी जे खोटं बोलले ते अजून तसंच पडून आहे. ते आज सांगून टाकते. कार्यालयाच्या जुन्या दैनंदिनीची शेवटची पानं कोरी सापडली, त्यावर लिहिते आहे.

कृषी सहायक म्हणून मला शेलूबाजारकडची गावं मिळाली तेव्हा घरात आनंदाआधी चर्चा सुरू झाली. काका मुद्दाम येऊन बसले. पोरीच्या जातीनं एकटीनं गाडीवर कायले फिराचं, रस्त्यानं जीपा धावतात, जीपनं जाईन, असं त्यांचं म्हणणं. बाबा तेव्हा नव्हतेच, त्यामुळे काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तू खिडकीजवळ मशीनवर टोपरं शिवत होतीस. मान वर न करता विचारलंस, "भाऊजी, जीप वावरात जाते काय?" काकांनी चहा संपवला आणि दुसराच विषय काढला. माझी गाडी त्या एका वाक्यावर आली, हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही. तुलाही नाही.

गावातल्या निम्म्या पोरांनी बारशाला तुझं टोपरं घातलं असेल. तू कधी टेप वापरला नाहीस. बाळाच्या डोक्याभोवती पंजा धरायचीस आणि सांगायचीस, हे गोल आहे, हे लांबट आहे, ह्याला मागून थोडं सैल लागेल. कपाळावर शिवण कधी येऊ द्यायची नाहीस. लेकरू सांगू शकत नाही ना कुठं रुततं ते, असं तुझं साधं कारण होतं. आपण वाशीमला हेल्मेट घ्यायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की तू सोबतीला आलीस. दुकानात गेल्यावर कळलं की मीच सोबतीला आले होते.

मी गुलाबी हेल्मेट उचललं होतं, त्यावर फुलं होती. दुकानदार कौतुकाने त्याची चकाकी दाखवायला लागला. तू म्हणालीस, उलटं करून दाखवा, सुलटं तं समदेच दाखवते. मग अस्तर चाचपलंस, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिलास, आणि काही कळायच्या आत पदरावरूनच ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलंस. नऊवारीतली बाई, डोक्यावर गुलाबी हेल्मेट, स्टुलावर मांडी घालून बसलेली. टायर बदलायला आलेले दोघंतिघं खो खो हसत होते. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, जणू ही बाई कोण मला ठाऊक नाही. तू आतून काहीतरी बोललीस, कुणाला ऐकू आलं नाही, मग समोरची काच वर करून पुन्हा बोललीस. "हासतीन त्यायचे दात दिसतीन. तू इकडं ये, घाल, अन् दाळ शिजेपर्यंत बस. दोन मिनिटं तं कोनतंबी बरंच वाटते."

बसले. काय करते? गुलाबीने कपाळावर लाल रेघ उठवली. दुसरं हलकं होतं, पण मान हलवली की ते मागे राहायचं आणि माझं डोकं एकटंच वळायचं. तिसरं करड्या रंगाचं, चुलीवरच्या गंजासारखं, पातेल्यासारखं दिसणारं. त्याने दोन्ही गाल सारखे दाबले, हलवलं तरी हललं नाही आणि कुठं रुतलंही नाही. मी मोठं माप मागत होते, कारण अंबाडा मावत नव्हता. तू तिथेच माझा अंबाडा सोडलास आणि खाली मानेशी वेणी घातलीस. डोक्यासाठी हेल्मेट आहे, केसांसाठी नाही, असं सुनावलंसही. आयएसआयचा शिक्का तेवढा मी पाहिला, बाकी सगळं तू. घरी येऊन मलमलच्या सहा पातळ टोप्या शिवल्यास, आतून घालायला, सोमवार ते शनिवार, म्हणजे घामाने अस्तर कुजणार नाही. माझ्यासाठी चारचौघांत इतकं हसू करून घेणारं दुसरं माणूस मला पुढे भेटलं नाही, माय.

आजची तीन सांगते, तुला आवडेल. पहिलं दिसायला झोकदार, पाठीवर नक्षी, पण नाकापेक्षा मोती जड. दिवसाला चार गावं फिरायची म्हणजे दुपारपर्यंत मान अवघडणार. वारा यायला ठेवलेली भोकं निव्वळ शोभेची, बोट लावून पाहिलं तर आतून बंद. दुसऱ्याचा हनुवटीचा भाग बटण दाबलं की वर उचलला जातो. हे मला मोहात पाडणारं होतं, कारण बांधावर कुणी हाक मारली की पूर्ण हेल्मेट काढावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात मॅडम तोंड दाखवत नाहीत. पण ते जोडाशी जरा खुळखुळत होतं, आणि दोन वर्षं आमच्या पांदणीच्या खाचखळग्यांतून गेल्यावर त्या बिजागरीचं काय होईल ते मला दिसत होतं. तिसरं साधं, पांढरं, मधल्या वजनाचं. अस्तर सगळं सुटं होऊन धुता येतं, चष्मा घालून कानाशी दुखत नाही, काच बदलून मिळते. काच महत्त्वाची. सोयाबीनच्या ट्रॅक्टरमागे धुळीत चालून चालून काचेवर बारीक ओरखडे पडतात, आणि संध्याकाळी सूर्य समोर असला की त्या ओरखड्यांमधून रस्ताच दिसत नाही. मी तिसरं घेतलं. दुकानदाराने पैसे घेता घेता सहज विचारलं, "जुनं काहून बदलता? पडल्या होत्या काय कधी?" मी म्हटलं, नाही.

पडले होते, माय. तेच करडं हेल्मेट डोक्यात असताना. शेलूबाजारहून परत येत होते, दिवस मावळायला आला होता. बाजूच्या तुरीतून एक रोही, नीलगाय ती, उडी मारून रस्त्यावर आली, घोड्याएवढी. मी ब्रेक दाबला एवढं आठवतं. मग मी पालथी आणि तोंडाखालून डांबर सरकतंय, खरखर आवाज कानात, आणि तो आवाज माझ्या हनुवटीचा नाही हे कळायला थोडा वेळ लागला. मागून येणारी जीप थांबली, लोकांनी उठवलं. मनगट सोललं होतं, गुडघा फुटला होता, बाकी एक दात हलला नव्हता. हेल्मेटाला मात्र हनुवटीवर आरपार तडा गेला होता. एका म्हाताऱ्या माणसाने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे नसतं तं आज तुमाले तोंड राह्यलं नसतं."

तुला सांगितलं, चिखलात गाडी घसरली. तू हळद लावलीस. हेल्मेट मी कार्यालयातल्या कपाटात बियाण्याच्या नमुन्यांमागे लपवून ठेवलं होतं. तीन दिवसांनी नवीन हेल्मेट पाहून तू विचारलंस, तेव्हा मी म्हटलं की ते जुनं जड व्हायचं, मान दुखायची, म्हणून बरोबरच्या एकीला देऊन टाकलं. तू सुईत दोरा ओवत होतीस. "जड होतं तं तवाच सांगाचं होतं, बाई. मंग मीच चुकली." इतकंच बोललीस. पंज्याने माप घेणारी तू, कधी एक टोपरं परत आलं नाही तुझ्याकडे, आणि तू म्हणालीस मी चुकली. त्यानंतर मी काही विकत घ्यायला निघाले की तू म्हणायचीस, तूच पाह्य, तुले समजते. होळीच्या आधी तू गेलीस.

एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुझ्या छातीसाठी खोटं बोलले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांना धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. ऐकायला बरं वाटतं. पण आज त्या दुकानदाराच्या छातीला काय झालं होतं? तरी तोंडातून आपोआप नाही निघालं. तेव्हा उमगलं. मी पडले हे कुणाला कळलं की तो मला घरी बसवेल, ही भीती माझ्या हाडात आहे, आणि काकांबद्दलची भीती मी तुझ्यावरही लादली. ज्या बाईने मला गाडीवर बसवलं, डोकं शाबूत राहावं म्हणून भर दुकानात स्वतःचं हसू करून घेतलं, तीच उद्या गाडीची किल्ली काढून घेईल असं मला वाटलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, देवापुढे दिवा लावला असतास, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा वाशीमला गेली असतीस. हे मला आज दिसतं. तेव्हा दिसायला हवं होतं.

ही पानं कुठे जायची नाहीत, दैनंदिनीतच राहतील. कारकुनाने कधी उघडलीच तर वाचेल बिचारा. पण लिहून ठेवते. तू चुकली नव्हतीस. ते हेल्मेट मला एक दिवसही जड झालं नाही, माय. मी भ्याले होते, आणि तुलाच भ्याले होते.